आपला तो बाब्या : कोरियातल्या एका प्रोफेसर-मंत्र्याची गोष्ट आणि माझं एक लेटरहेड

परवा रविवारी बहिणीकडे गेलो होतो. भाची मोबाईलवर कोरियन सिरियल बघत बसली होती. नीटचा अभ्यास झाला की रोज एक एपिसोड, असा मायलेकींचा करार झालाय म्हणे. मला बघून म्हणाली, "मामा, या सिरियलमध्ये दर वेळी सरकारी वकीलच का हिरो असतो? नाहीतर व्हिलन तरी तोच. आपल्याकडे कसा पोलीस इन्स्पेक्टर असतो!"

प्रश्न चांगला होता. तिला उत्तर द्यायला बसलो आणि चो कुक यांची गोष्ट सांगत दीड तास गेला. बहीण शेवटी म्हणाली, अरे तिचा अभ्यास राहिला! घरी आलो तरी ती गोष्ट डोक्यातून जाईना. त्यात माझी स्वतःची एक जुनी चूक अडकलेली आहे, म्हणून असेल. ती शेवटी सांगतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्याकडे सरकारी वकील म्हटलं की कोर्टात फाइल घेऊन उभा राहणारा माणूस डोळ्यासमोर येतो. दक्षिण कोरियात तसं नाही. तपास करायचा, धाडी टाकायच्या, अटकेचं वॉरंट मागायचं आणि खटला भरायचा की नाही हेही ठरवायचं, असं सगळं कित्येक दशकं या एकाच खात्याच्या हातात होतं. आपल्याकडे जे काम पोलीस, तपास यंत्रणा आणि सरकारी वकील यांच्यात वाटलेलं आहे, ते तिथं एका छताखाली. म्हणजे कुणाला बुडवायचं आणि कुणाला सोडायचं, दोन्ही तेच ठरवणार. राष्ट्राध्यक्ष बदलले तरी यांचं वजन कमी होत नसे. माजी राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्युन यांच्यामागे २००९ मध्ये लाचखोरीच्या आरोपांचा तपास लागला आणि त्या काळातच त्यांनी आत्महत्या केली. त्यांचे जवळचे सहकारी मून जे-इन २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. या खात्याचे पंख कापायचे हे त्यांनी ठरवलेलंच होतं. त्या कामासाठी त्यांनी निवडलेला माणूस म्हणजे चो कुक. सेऊल नॅशनल युनिव्हर्सिटीतले कायद्याचे प्राध्यापक.

हा माणूस कोण, ते नीट बघूया. नाहीतर पुढची पडझड कळणार नाही.

जन्म १९६५ चा, बुसान या बंदराच्या शहरातला. शाळेत एवढा पुढे की १९८२ मध्ये, सोळा-सतरा वर्षांचा असताना, देशातल्या सगळ्यात मानाच्या सेऊल नॅशनल युनिव्हर्सिटीत कायद्याला प्रवेश मिळाला. तो काळ लष्करी राजवटीचा. कॅम्पसमध्ये अश्रुधूर, साध्या वेशातले पोलीस. चो ज्या शाळेत शिकले त्याच शाळेतून पुढे सेऊल युनिव्हर्सिटीत आलेला पार्क जोंग-चोल नावाचा विद्यार्थी जानेवारी १९८७ मध्ये पोलिसांनी पाण्यात बुडवून केलेल्या छळात मेला. त्या मृत्यूनं कोरिया पेटला आणि त्याच वर्षी थेट निवडणुकीचा हक्क लोकांनी मिळवला. आपल्याकडे आणीबाणीतल्या तरुणांची एक पिढी पुढे राजकारणात मोठी झाली ना, तशीच ही कोरियातली पिढी. साठच्या दशकात जन्मलेली, ऐंशीच्या दशकात कॉलेजात असलेली. पुढे सत्तेत, विद्यापीठांत, पेपरांत, सगळीकडे हीच माणसं आली.

कायद्याला असूनही चो यांनी न्यायाधीश किंवा सरकारी वकील होण्याची परीक्षाच दिली नाही. वर्गातली इतर मुलं त्या परीक्षेसाठी वर्षानुवर्षं खोलीत कोंडून घेत होती. हा गडी संशोधनाकडे वळला. वयाच्या २६-२७ व्या वर्षी उल्सान युनिव्हर्सिटीत शिकवायला लागला. १९९३ मध्ये एका समाजवादी कामगार संघटनेशी संबंध असल्यावरून राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली अटक झाली, काही महिने तुरुंगात काढले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं त्यांना विवेकबंदी मानलं. सुटल्यावर अमेरिकेत बर्कलीला जाऊन कायद्याची डॉक्टरेट केली, परत आले आणि २००१ पासून सेऊल नॅशनल युनिव्हर्सिटीत.

त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं म्हणजे चो कुक हे नाव घराघरात. फौजदारी कायदा आणि मानवी हक्क हा अभ्यासाचा विषय. नागरिकांच्या चळवळीत काम. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगावर सदस्य. शिवाय दिसायला देखणे, बोलायला मऊ, लिहायला धारदार. ट्विटरवर लाखो लोक मागे. श्रीमंतांची पोरं ओळखीनं पुढे जातात, खास शाळांत शिकून मोक्याच्या जागा पटकावतात, यावर हा माणूस सतत लिहायचा. कोरियात एक म्हण आहे, ओढ्यातून ड्रॅगन निघतो. म्हणजे गरिबाघरचं पोरगं शिकून आकाशाला जातं. २०१२ मध्ये चो यांनी लिहिलं होतं, त्याचा आशय असा, की सगळ्यांनी ड्रॅगन व्हायची गरज नाही. मासे, बेडूक, झिंगे यांनाही सुखानं राहता येईल असा ओढा आपण करूया. किती सुंदर विचार! मीही तेव्हा वाचला असता तर लगेच शेअर केला असता.

आणखी एक गोष्ट. विद्यापीठातली नोकरी न सोडता राजकारणात उड्या मारणाऱ्या प्राध्यापकांना कोरियात 'पॉलिफेसर' म्हणतात. पॉलिटिक्स आणि प्रोफेसर यांची खिचडी. प्राध्यापक महाशय निवडणूक लढवतात, हरले की परत वर्गात येतात, आणि मधल्या काळात पोरांचं नुकसान. याला नियम करा म्हणून २००८ मध्ये पुढाकार घेणाऱ्या प्राध्यापकांत चो होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मे २०१७ मध्ये मून सत्तेवर आले आणि चो राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात वरिष्ठ सचिव झाले. विषय कायदा आणि अधिकाऱ्यांवरची देखरेख. तिथं सव्वादोन वर्षं काढली. १ ऑगस्ट २०१९ ला विद्यापीठात परत रुजू. ९ ऑगस्टला कायदा मंत्री म्हणून नाव जाहीर! आता विद्यार्थ्यांनीच विचारलं, सर, तुम्ही पॉलिफेसरांबद्दल काय म्हणाला होता? सरांचं म्हणणं असं की निवडणूक लढवणं वेगळं आणि सरकारनं नेमणं वेगळं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल. पण मित्रांनो, माणूस तांत्रिक मुद्द्यावर बचाव करायला लागला की समजावं, पाय घसरायला लागलाय.

खरा स्फोट पुढच्या दोन आठवड्यांत झाला. तो कुठल्या कंत्राटातून किंवा जमिनीच्या व्यवहारातून झाला नाही. तो झाला मुलीच्या ॲडमिशनमधून.

चो यांची मुलगी परदेशी भाषांच्या खास हायस्कुलात शिकली. शाळेत असताना तिनं एका विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात दोन आठवड्यांची इंटर्नशिप केली. आणि २००९ मध्ये नवजात बाळांच्या मेंदूच्या आजारावरच्या एका शोधनिबंधात तिचं नाव पहिल्या क्रमांकाची लेखिका म्हणून छापून आलं. हायस्कूलची पोरगी, दोन आठवडे, पहिली लेखिका! ज्यांनी पीएचडी केलीय किंवा करताना कुणाला बघितलंय, त्यांना विचारा पहिलं नाव लागायला किती वर्षं झिजावं लागतं. तो निबंध सप्टेंबर २०१९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकानं मागे घेतला.

मग एकेक निघत गेलं. तिची आई, चोंग क्योंग-शिम, दुसऱ्या एका विद्यापीठात प्राध्यापक. त्या विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या सहीचं एक गौरवपत्र मुलीच्या फाइलला होतं. कोर्टानं पुढे ते बनावट ठरवलं. चो ज्या सेऊल युनिव्हर्सिटीत शिकवत, तिथल्या मानवी हक्क कायद्याच्या केंद्राचं इंटर्नशिपचं प्रमाणपत्र होतं. तेही खोटं निघालं. विषय बघा, मानवी हक्क! पुढे बुसानच्या मेडिकल कॉलेजात मुलगी नापास होऊनही तिला लागोपाठ सहा सत्रं शिष्यवृत्ती मिळाली. मुलगा अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीची ऑनलाइन परीक्षा देत होता, तेव्हा आईबापांनी घरून उत्तरं पुरवली, हेही कोर्टात सिद्ध झालं.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला सगळ्यात जास्त टोचली. ज्या वैद्यकीय प्राध्यापकानं मुलीचं नाव निबंधाला लावलं, त्याचा मुलगा चो यांच्या मुलीच्याच शाळेत होता. आणि त्या मुलाला इंटर्नशिपचं प्रमाणपत्र मिळालं चो यांच्या केंद्राकडून. तुम्ही माझ्या पोरीचं करा, मी तुमच्या पोराचं करतो. कोरियन पेपरांनी याला शब्द वापरला 'पुमासी'. हा शेतीतला शब्द आहे. आज तुम्ही माझ्या शेतात लावणीला या, उद्या मी तुमच्या शेतात येतो. आपल्याकडे याला सावड म्हणतात. आमच्या आजोबांच्या काळात सावडीवर गाव चालायचं. मजुरीला पैसे नसलेल्या माणसांची ती सोय होती. तीच सावड प्रोफेसरांनी प्रमाणपत्रांची केली! गरिबाच्या सोयीचा शब्द श्रीमंताच्या सोयीला लागला.

कोरियातला तरुण यावर एवढा का भडकला, हे कळायला तिथली परीक्षा बघा. वर्षातून एकदा होते. इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना देशभरातली विमानं अर्धा तास जमिनीवरून उडत नाहीत, उतरत नाहीत. ऑफिसं उशिरा उघडतात, रस्त्यावर गर्दी नको म्हणून. उशीर झालेल्या पोराला पोलीस गाडीवर बसवून केंद्रावर सोडतात. सगळा देश त्या एका दिवशी पोरांसाठी श्वास रोखून धरतो, कारण सगळ्यांचा एकाच गोष्टीवर विश्वास, की पेपर सगळ्यांना सारखा आहे. आणि मग कळतं, की काही पोरं दुसऱ्याच दारानं आत गेली. त्या दाराला पेपर नसतो, तिथं कागदपत्रं लागतात, आणि कागदपत्रं आईबापांच्या ओळखीतून तयार होतात.

त्यातही वेळ वाईट. मून सत्तेवर आलेच होते तसल्याच संतापावर. आधीच्या राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्या मैत्रिणीच्या मुलीला एका नामांकित महिला विद्यापीठात वशिल्यानं प्रवेश मिळाला, हे २०१६ मध्ये बाहेर आलं. पोरं मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरली आणि पार्क यांचं सरकार गेलं. संधी समान, प्रक्रिया न्याय्य, असं सांगत मून आले. तीन वर्षांनी सेऊल नॅशनल युनिव्हर्सिटीतली पोरं पुन्हा मेणबत्त्या घेऊन उभी होती. या वेळी स्वतःच्याच सरांविरुद्ध.

कोरियन भाषेत एक शब्द आहे, 'नेरोनाम्बुल'. मी केलं तर प्रेम, दुसऱ्यानं केलं तर लफडं, या वाक्याचं ते छोटं रूप. आपल्याकडे याला तयार म्हण आहे, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. हा शब्द चो प्रकरणानंतर मून यांच्या पक्षाला असा काही चिकटला, की २०२१ च्या सेऊल-बुसान महापौरांच्या पोटनिवडणुकीत निवडणूक आयोगानं तो बॅनरवर लिहायला मनाई केली. कारण काय, तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की बोट कुणाकडे आहे! दोन्ही शहरं तो पक्ष हरला.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी पत्रकार कसला.

चो हे सरकारी वकिलांचे अधिकार कापायला येत होते, हे मी वर लिहिलंय. त्यांचं नाव जाहीर झाल्यावर त्याच खात्यानं त्यांच्या कुटुंबावर जेवढा जोर लावला, तेवढा क्वचितच कुणावर लावला असेल. डझनावारी ठिकाणी धाडी. ६ सप्टेंबर २०१९ ला संसदेत त्यांची सुनावणी चालू होती. त्याच रात्री बायकोवर आरोपपत्र दाखल, तेही तिचा एकदाही जबाब न घेता. मुदत संपत होती असं कारण दिलं. तरी मून यांनी ९ सप्टेंबरला त्यांना मंत्री केलं. कोरियात मंत्र्याला संसदेची मंजुरी लागत नाही, फक्त सुनावणी होते. २३ सप्टेंबरला मंत्र्याच्या राहत्या घरी धाड. कायदा मंत्री त्या खात्याचा साहेब, आणि त्याच खात्याची माणसं त्याच्या घरात कपाटं उघडतायत! सेऊलमध्ये दोन चौक भरायला लागले. एका चौकात चो यांच्या बाजूचे, दुसऱ्यात विरुद्धचे. घराघरात भांडणं. १४ ऑक्टोबरला राजीनामा. मंत्रिपद टिकलं ३५ दिवस. दुसऱ्या दिवशी विद्यापीठात परत रुजू. पॉलिफेसर आठवला ना?

या सगळ्या कारवाईचा प्रमुख कोण, तर यून सुक-योल. मून यांनीच नेमलेला माणूस. या प्रकरणात तो विरोधकांचा हिरो झाला आणि २०२२ मध्ये एक टक्क्याहूनही कमी फरकानं चक्क राष्ट्राध्यक्ष झाला. आणि गंमत बघा, प्रचार चालू असताना त्याच्या बायकोनं शिकवण्याच्या नोकऱ्यांच्या अर्जांत आपला अनुभव फुगवून लिहिल्याचं बाहेर आलं. डिसेंबर २०२१ मध्ये तिनं टीव्हीसमोर माफी मागितली. तिथं काही चो यांच्या घरासारख्या धाडी पडल्या नाहीत. बाब्या आणि कार्टं फक्त एकाच पक्षात नसतात. पुढे याच यून साहेबांनी ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री देशात मार्शल लॉ लावला. संसदेनं काही तासांत तो हाणून पाडला आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयानं त्यांना पदावरून काढलं.

म्हणजे चो यांचं म्हणणं, की या खात्याच्या हातात एवढी ताकद राहिली तर एक दिवस लोकशाहीवर येईल, ते खोटं होतं असं म्हणता येत नाही. आणि कोर्टानं सिद्ध धरलेली खोटी प्रमाणपत्रं, तीही खोटीच होती.

या दोन वाक्यांवर माझं सगळं म्हणणं उभं आहे. आपल्याला सवय काय झालीय, की दोनांतलं एकच निवडायचं. तपास यंत्रणा सूडानं वागली म्हणजे आपला माणूस धुतल्या तांदळासारखा. किंवा आपल्या विरोधातला माणूस चोर निघाला म्हणजे यंत्रणा पवित्र. सेऊलच्या दोन चौकांतही हेच चाललं होतं. प्रत्यक्षात सूडानं टाकलेल्या धाडीतही खरा कागद सापडू शकतो. आणि खरा कागद सापडला म्हणून सूड न्याय होत नाही.

पुढचं थोडक्यात. बायकोला डिसेंबर २०२० मध्ये ४ वर्षांची शिक्षा झाली, जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. मुलीचा मेडिकलचा प्रवेश रद्द, पुढे डॉक्टरकीचा परवानाही गेला. चो यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये २ वर्षांची शिक्षा झाली. मुलांच्या प्रवेशातली फसवणूक, शिष्यवृत्तीचे पैसे, आणि सचिव असताना एका अधिकाऱ्यावरची चौकशी थांबवण्यासाठी पदाचा गैरवापर, असे आरोप सिद्ध झाले. लाचेच्या आरोपातून सुटले. त्याच वर्षी विद्यापीठानं बडतर्फ केलं.

संपला ना माणूस? नाही संपला. मार्च २०२४ मध्ये त्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि महिन्याभरात झालेल्या निवडणुकीत पक्षाच्या यादीला सुमारे २४ टक्के मतं आणि १२ जागा! मग १२ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कायम केली आणि खासदारकी गेली. दोनच दिवसांनी संसदेत यून यांच्या महाभियोगावर मतदान होतं. आयुष्यभराचा वैरी पडणार होता, आणि या माणसाला मत द्यायचा हक्क उरला नव्हता. १६ डिसेंबरला तुरुंगात गेले. २०२५ च्या १५ ऑगस्टला, तो त्यांचाही स्वातंत्र्यदिन आहे, नवे राष्ट्राध्यक्ष ली जे-म्युंग यांनी नवरा-बायको दोघांना माफी दिली. आठ महिन्यांत बाहेर. आता पुन्हा राजकारणात.

लोकांनी त्यांना मतं का दिली असतील? मला वाटतं, लोकांनी चो यांना निर्दोष ठरवलं नाही. यून यांच्यावरचा राग त्यांच्या खात्यात जमा केला. मत म्हणजे कॅरेक्टर सर्टिफिकेट नव्हे. आणि माफी म्हणजेही निर्दोष सुटका नव्हे. हे आपल्याकडे कुणाला सांगायला लागलं तर तो म्हणतो, जनतेच्या कोर्टात आम्ही जिंकलो! जनतेचं कोर्ट वेगळ्या खटल्याचा निकाल देत असतं, साहेब.

मग अभ्यासू माणसानं राजकारणात जाऊच नये का? हा प्रश्न मला इथले दोन-तीन प्राध्यापक मित्र नेहमी विचारतात. माझं मत, जरूर जावं. चो सरकारात गेले म्हणून त्या खात्याच्या अधिकारांचा विषय ऐरणीवर आला. बड्या अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराच्या तपासासाठी स्वतंत्र संस्थेचा कायदा, ते पायउतार झाल्यावर का होईना, डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत मंजूर झाला. विषयाचा अभ्यास केलेला माणूस तिथं नसता तर ही चर्चा एवढ्या खोल गेली नसती. पण राजकारण्याला लोक त्याच्या भाषणांवरून जेवढं मोजतात, त्यापेक्षा अभ्यासकाला त्याच्या लिखाणावरून कडक मोजतात. आणि ते बरोबरच आहे. त्याचं भांडवलच ते आहे. कंत्राटदार नेता झाला तर लोक त्याच्याकडून न्यायाची अपेक्षा मुळात धरत नाहीत. ज्यानं दहा वर्षं समानतेवर लिहिलं, त्याच्या घरातलं एक खोटं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या घरातल्या दहा प्रमाणपत्रांएवढं जड पडतं.

आता माझं. शेवटी सांगतो म्हणालो होतो.

आठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एक ओळखीचे गृहस्थ माझ्या ऑफिसात आले. चांगला माणूस, अडीअडचणीला धावणारा, आमच्या अंकाला दिवाळीत जाहिरात देणारा. म्हणाले, "भाऊ, पोराला पुण्यात मोठ्या कॉलेजात टाकायचंय, मीडियाच्या कोर्सला. इंटर्नशिपचं पत्र लागतंय. तेवढं लेटरहेडवर करून द्या." मी करून दिलं. तीन महिने आमच्याकडे बातमीदारी केली, काम समाधानकारक. सही, शिक्का. तो पोरगा आमच्या ऑफिसात एकदाच आला होता, पत्र न्यायला. मला त्यात काही वाईट वाटलंही नाही. कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणाचं घर मोडलं नाही. एका पोराचं भलं झालं, एवढंच डोक्यात.

त्याच वेळी आमच्याकडे एक दुसरा पोरगा होता. बाप शिंपी. सकाळी कॉलेज, दुपारनंतर आमच्याकडे. कंपोझिंग करायचा, बाजार समितीचे भाव आणायचा, पंचायत समितीच्या मीटिंगला जाऊन बसायचा. चांगली आठ महिने राबला. चहा आणि पेट्रोलपुरते पैसे द्यायचो, तेही आठवलं तर. एकदा अतिवृष्टीच्या पंचनाम्यावर त्यानं केलेली बातमी एवढी नेमकी होती, की तलाठी ऑफिसला येऊन बसले होते. त्या पोरालाही मीडियाचा कोर्स करायचा होता. त्यानं कधी पत्र मागितलं नाही. असं पत्र लागतं हेच त्याला माहीत नव्हतं. आणि मीही दिलं नाही, कारण त्यानं मागितलं नाही.

झालं. एवढीच गोष्ट. बातमी करण्याएवढी नाही. पण चो कुक यांची फाइल वाचताना मला दर वेळी तो शिंप्याचा पोरगा आठवतो. तोपर्यंत मी समजत होतो की वशिला म्हणजे मंत्र्याचा फोन, लाखाची पाकिटं. वशिला म्हणजे माझं दोन रुपयांचं लेटरहेडही असतं. ज्याला त्याची किंमत माहीत होती, त्याला न राबता मिळालं. ज्याला माहीत नव्हती, तो आठ महिने राबून रिकामा गेला. चो यांनी जे सेऊलमध्ये केलं, तेच मी तालुक्याच्या गावात केलं. फरक एवढाच, की माझ्यावर धाड पडली नाही. आणि त्या काळात मी अग्रलेख कशावर लिहीत होतो, तर गुणवत्तेवरच्या अन्यायावर! कात्रण आहे माझ्याकडे.

रविवारी बहिणीकडून आलो, ऑफिस उघडलं आणि त्या पोराच्या नावाचं पत्र टाइप केलं. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत काम केलं, काय काय केलं, सगळं खरं. पंचनाम्याच्या बातमीचं कात्रणही जोडलं. आता त्याचं स्टॅंडजवळ मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. सोमवारी नेऊन दिलं. त्यानं वाचलं, घडी घालून काउंटरच्या काचेखाली ठेवलं आणि हसून म्हणाला, "सर, आता याचं काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

बारावीचे निकाल, ॲडमिशनचे दिवस येतील. आपल्यातले डॉक्टर, वकील, संस्थाचालक, पत्रकार, ज्यांच्याकडे लेटरहेड आहे, त्यांच्याकडे कुणीतरी येईल. चांगलाच माणूस येईल, ओळखीचा येईल. त्याला नाही म्हणायला जड जाईल, मलाही जाईल. तेव्हा एवढंच करूया. खोटं पत्र मागायला आलेल्याला चहा पाजून परत पाठवूया. आणि आपल्याकडे खरोखर राबलेलं, पत्र मागायचं माहीत नसलेलं पोर कोण आहे, ते आठवून त्याला आपणहून पत्र देऊया. वेळेवर.

भाचीचा मेसेज आलाय, मामा, पुढच्या रविवारी कुठल्या मंत्र्याची गोष्ट? म्हटलं, आधी नीट दे.